देवाजीचा राजीनामा

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात जळते नऊ दिवस, लागला की भिलाईच्या रुआबांध्यात दुपारी दोनच आवाज उरतात, कुलरचा आणि म्हशीचा. बाकी सगळा मोहल्ला दारं लावून, तोंडावर ओला दुपट्टा घेऊन पडून राहतो. रात्री चोरांची काही सोय नसते. बाया अंगणात खाटा टाकून गप्पा करत पडलेल्या, म्हातारे खोकत बसलेले, आणि कुत्री तर मुळातच दुसऱ्याच्या भानगडीत तोंड घालणारी. म्हणून त्या उन्हाळ्यात चोरांनी पाळी बदलून घेतली. रात्रपाळी सोडली आणि दिवसपाळी धरली.

आधी कुलरचे पंप जायला लागले. मग नळाच्या पितळी तोट्या. मग टोकावरच्या घराचं लोखंडी फाटक गेलं, आणि ते नेताना चोरानं घराचं दार बाहेरून नीट ओढून घेतलं, आत कुत्रं शिरू नये म्हणून. एवढा घरंदाज चोर पाहून लोक जास्तच घाबरले.

तेव्हा पोलिस आले. चोर धरायला नाही, मोहल्ल्याशी मैत्री करायला. शाळेच्या पटांगणात मंडप पडला, गाद्या आल्या, माईक आला. ठाण्याचे प्रमुख, टीआई साहेब, म्हणाले, "पुलिस आपकी मित्र है." लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मित्रानं आधी फाटक शोधावं असं बऱ्याच जणांच्या मनात आलं, पण माईक साहेबांच्या हातात होता. मग साहेब म्हणाले की मोहल्ल्यानंच आता मोहल्ल्याची राखण करायची, त्यासाठी सुरक्षा समिती काढायची, दुपारची गस्त घालायची. अध्यक्ष कोण होणार?

सगळे आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहायला लागले. नेमका त्याच वेळी देवाजी नाकाडे उठून उभा राहिला. त्याच्या म्हशींना पाणी दाखवायची वेळ झाली होती.

"ये हुई ना बात!" टीआई साहेबांनी टाळी वाजवली. आपण सुटलो म्हणून बाकीच्यांनी तर हात लाल होईस्तोवर वाजवली.

सिंधुताई बायांच्या बाजूला बसली होती. नवरा उभा राहिलेला पाहिला तेव्हाच तिला कळून चुकलं की म्हशींचं पाणी आता आपल्याच नशिबी आलं.

देवाजीला सरकारकडून एक टोपी मिळाली, अंधारात चमकणारं एक हिरवट जाकीट मिळालं, टॉर्च मिळाला आणि लाल दोरीत ओवलेली एक शिटी मिळाली. गस्त दुपारची, तरी तो टॉर्च घेऊनच निघायचा. सिंधुताईनं एकदा विचारलं, "एवढ्या उनात बत्ती कायले जी?"

"सरकारी वस्तू हाये. घरी ठेवली अन् चोरी गेली तं?"

पण खरं वेड होतं ते शिटीचं. त्याचं असं होतं की देवाजी भंडाऱ्याकडचं शेत भावाच्या हवाली करून भिलाईला पोलादाच्या प्लांटात आला तो खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर म्हणून, आणि निवृत्त झाला तोही खलाशी म्हणूनच. वर क्रेन यायची, खाली कोणीतरी शिटी वाजवायचा, आणि देवाजीनं बाजूला सरकायचं. उभा जन्म सरकण्यात गेला. आणि ती शिटी वाजवणारा कोणी लांबचा नव्हता. भिंतीला भिंत लागून राहणारा केवलराम साहूच होता.

केवलराम आणि देवाजी एकमेकांशी बोलत नसत. भांडण नालीचं होतं. देवाजीच्या कोठ्यातलं शेणामुताचं पाणी नालीनं वाहत केवलरामच्या दारापुढून जायचं, आणि उन्हाळ्यात ते वाहायचंही सोडून तिथंच मुक्काम करायचं. केवलराम मग नालीला शिव्या द्यायचा. इकडून देवाजी म्हशीला द्यायचा. नाली आणि म्हैस, दोघी मुकाट ऐकून घ्यायच्या. सिंधुताई आणि केवलरामची बायको बिसाहिन मात्र त्याच भिंतीवरून कोथिंबीर, ताक आणि नवऱ्यांची निंदा यांची देवघेव करत.

घरात दुसरीही एक गोष्ट अडकली होती. मुलगा प्रवीण हथखोजच्या एका कारखान्यात लेथवर होता, महिना भरला की मालक तोंड चुकवायचा. आता एका ठेकेदाराकडून त्याला प्लांटात काम मिळत होतं. सगळं ठरलं होतं, फक्त गेटपास व्हायचा होता, आणि गेटपासासाठी पोलिसांचं व्हेरिफिकेशन लागत होतं. ठाण्यातून माणूस घरी येणार, शेजारपाजारी विचारणार, पोरगा सरळ आहे असं लिहून नेणार. प्रवीणची बायको हर्षा रोज सकाळी अंगण झाडताना रस्त्याकडे पाहायची. माणूस येत नव्हता.

"अध्यक्षाचा पोरगा हाये," देवाजी म्हणायचा. "आपल्या घरी तं साहेब स्वतः येतीन."

त्या दुपारी सिंधुताई कोठ्यात होती. म्हशींच्या पाठीवर ओली पोती टाकायची, ती वाळली की पुन्हा बुडवायची, हे काम नवतप्यात संपतच नाही. तिच्या कोपरापर्यंत शेणाचा वास आणि मानेवर घामोळं. पोतं पिळत होती तेवढ्यात शिटी वाजली. नुसती वाजली नाही, वाजतच राहिली, जणू कोणी त्या शिटीत जन्माचा श्वास सोडत होतं.

ती धावली. केवलरामच्या मागच्या भिंतीवर एक माणूस होता. तोंडाला गमछा असा गुंडाळलेला की फक्त डोळे दिसावेत. एक पाय भिंतीपलीकडे, एका हातात कुलरचा पंप. आणि अलीकडच्या पायाला हिरवं जाकीट घातलेला देवाजी लोंबकळत होता. तोंडात शिटी, म्हणून ओरडता येत नव्हतं; हातात पाय, म्हणून शिटी काढता येत नव्हती.

वरचा माणूस गमछ्याच्या आतून ओरडत होता, "मैं चोर नो हंव गा! केवलराम अंव! केवलराम!"

देवाजीनं शिटी जिभेनं बाजूला सारली. "नाव कोणी पूछा तेरे को? सामान किसका है वो बोल!"

आणि त्यानं हिसका दिला. पाय आला नाही, पायजमा आला.

जो मोहल्ला फाटक जाताना उठला नव्हता तो आता उठला. दारं उघडली, खिडक्या उघडल्या. भिंतीवर, भर उन्हात, एका हातात पंप आणि दुसऱ्या हातात भिंत धरून, निळ्या पट्ट्यांच्या चड्डीत एक माणूस बसला होता. ती चड्डी सिंधुताईनं लांबूनच ओळखली. रोज त्याच भिंतीवर वाळत असायची.

सगळ्यात शेवटी केवलरामच्याच घराचं दार उघडलं. बिसाहिन डोळे चोळत बाहेर आली. "का होगे? का होगे?"

झालं होतं ते एवढंच. केवलराम पंप दुरुस्त करायला पावर हाउसच्या बाजारात गेला होता. परत आला तर आतून कडी. मागच्या खोलीत शेजारणीकडून मागून आणलेला कुलर धडधडत होता, त्यात बिसाहिनला काही ऐकू येईना. थोडा वेळ दार ठोकलं, मग डोक्यावरचं ऊन सोसेना म्हणून तो आपल्याच भिंतीवर चढला.

लोक हसले. लहान पोरं हसली ते ठीक, पण नव्या सुनाही पदर तोंडात धरून हसल्या. केवलराम खाली उतरला, पायजम्यात पाय घातला, नाडी तुटलेली होती म्हणून मुठीत धरली आणि तसाच, मूठ न सोडता, ठाण्याकडे चालू लागला.

रात्री जेवताना सिंधुताईनं विचारलं, "खरं सांगा जी, वळखलं नाही तुमी?"

देवाजीनं वरण भुरकलं. "तोंड झाकलं होतं ना वं."

"तोंड झाकलं होतं."

"मंग?"

त्यानं आणखी भात मागून घेतला. त्या दिवशी त्याला भूक चांगली लागली होती.

दोन दिवसांनी ठाण्यातून बोलावणं आलं. सिंधुताई सोबत गेली, नवऱ्याची जीभ तिला माहीत होती. देवाजी टोपी, जाकीट, शिटी, सगळं चढवून निघाला. ठाण्यात बाकावर केवलराम आधीच बसलेला, नवा पायजमा, त्याला नाडीच्या ऐवजी पट्टा. बाजूला बिसाहिन. टीआई साहेबांमागे कुलर नुसताच गरम हवा फेकत होता. त्याला पंप नव्हता. तो कुठं गेला हे कोणी विचारलं नाही.

"देखो दादाजी," साहेब म्हणाले, "आप अध्यक्ष हो, समझदार आदमी हो. बात बढ़ाने में क्या रखा है? राजीनामा कर लो, बात खतम."

देवाजी ताठ झाला. "कायका राजीनामा? मेरी गलती क्या है?"

"गलती किसी की नहीं. पर राजीनामा हो गया तो ये भी खुश, हम भी खुश."

"ये खुश होगाच साहेब. इसीलिए तो आया है."

केवलराम सरळ मनानं म्हणाला, "मैं तो तियार हंव साहेब. आजेच कर ले राजीनामा."

"देखा!" देवाजीचा आवाज चढला. "इसको जल्दी है! पूरी नौकरी में शिटी इसके पास थी, आज मेरे पास आई तो पेट में दुखता है. जान देऊंगा साहेब, पर राजीनामा नहीं देऊंगा."

टीआई साहेबांनी घाम पुसला. बाजूला लिहीत बसलेल्या मुंशीनं, ठाण्याच्या कारकुनानं, पेन टेबलावर आपटलं. "नहीं करोगे तो फिर केस बनेगा चाचा. और लड़के का वेरिफिकेशन भी यहीं से जाना है ना? घर पर केस चल रहा हो तो क्या लिखेंगे हम?" आणि तो जरा नरमाईनं म्हणाला, "इतवार को कार्यक्रम है, बड़े साहेब आ रहे हैं. वहीं सबके सामने राजीनामा कर दो. शोभा रहेगी."

सबके सामने! सिंधुताईनं नवऱ्याच्या टोपीकडे पाहिलं. तिच्या माहेराकडे सरपंच लोक वर्षानुवर्षं राजीनामा देत नाहीत, पण त्यांच्यावर कधी केस झाल्याचं तिनं ऐकलं नव्हतं. भिलाईची रीतच वेगळी. आणि वर माईक लावून, मंडप टाकून माणसाकडून खुर्ची सोडवून घ्यायची, याला शोभा म्हणतात?

परत येताना देवाजी पुढं पुढं चालत होता. डांबर पायाला चिकटत होतं. घरी आला, आणि टोपी न काढता खाटेवर बसून राहिला. म्हशी हंबरल्या, तरी उठला नाही.

संध्याकाळी प्रवीण आला. अंगाला लोखंडाचा चुरा, डोळे लाल. ऐकलं आणि बादलीत डोकं बुडवून म्हणाला, "बाबा, छोडो ना यार. कायचं अध्यक्ष? मेरा गेटपास अटक जाएगा ना."

देवाजीनं पोराकडे पाहिलं. "तुले बी असंच वाटते?"

प्रवीणनं डोकं पुन्हा बादलीत घातलं. देवाजी उठला, दावं घेतलं आणि म्हशीकडे गेला. तिथंही म्हशीशी बोलला नाही, तेव्हा मात्र सिंधुताईला काळजी वाटली.

हर्षा पोळ्या लाटत होती. पोरगी रायपूरची. चार पिढ्या तिथंच, मराठी घरापुरती, बाकी शाळा-कॉलेज सगळं हिंदीत. तिनं बेलणं थांबवलं. "आई, टीआईनं नेमका काय शब्द वापरला?"

"राजीनामा कर लो, म्हने."

"कर लो म्हणाला की दे दो?"

"कर लो. अन् तो केवलराम मुर्दा म्हनते का मी तियार हाओ."

हर्षाचे खांदे हलायला लागले. सिंधुताईला वाटलं पोरगी रडते. पाहिलं तर ती पिठाचा हात तोंडावर दाबून हसत होती, आणि नाकाला, गालाला, सगळीकडे कणीक लागली होती.

"आई, हिंदीत राजीनामा म्हणजे समझौता! दोघं राजी झाले म्हणून लिहून देतात ते. आमच्या मोठ्या काकांचा रायपूरच्या कचेरीत जमिनीवरून झाला होता राजीनामा. पद सोडायला इस्तीफा म्हणतात."

सिंधुताई पाटावर बसली. एवढी वर्षं या मुलखात काढली. भाजीवाल्याशी, डॉक्टरशी, रेशनवाल्याशी हिंदीतच भांडली. पण प्लांटाची नोकरी आपणहून सोडल्याचं मोहल्ल्यात कोणी ऐकलं नव्हतं, आणि ठाण्याची पायरी घरातला माणूस कधी चढला नव्हता. तेव्हा राजीनामा यायचा तो फक्त नागपूरच्या पेपरातून, मंत्र्यांचा नाहीतर सरपंचांचा.

"म्हंजे बाबांना कोणी काढून नाही राहिलं," हर्षा उठली. "मी जाऊन सांगते त्यांना."

सिंधुताईनं तिचं मनगट धरलं. "थांब वं."

"का?"

"बस खाली. तू त्याइले सांगशील का बावा, अध्यक्षपण कोठी जात नाही, फक्त केवलरामशी समेट करा. मंग ते काय म्हनतीन?"

हर्षानं विचार केला. केवलरामचं नाव निघालं की सासरा पाण्याचा तांब्याही आपटून ठेवायचा.

"नाही म्हणतील."

"म्हैस विकतीन, पन केवलरामच्या गळ्यात गळा नाही घालनार. पोरासाठी खुर्ची सोडा म्हनलं तं रडत रडत सोडतीन. कोनतं सोपं हाये?"

हर्षा सासूकडे पाहतच राहिली. रायपूरच्या कॉलेजात हे शिकवत नव्हते.

सकाळी देवाजी धार काढायला बसला. सिंधुताईनं म्हशीची शेपटी धरली. शेपटी धरलेली असली की देवाजीला उठून जाता येत नाही, म्हणून घरातल्या अवघड गोष्टी ती नेहमी धारेच्या वेळीच काढायची.

"राजीनामा देऊन टाका," ती म्हणाली.

बादलीतला आवाज थांबला. म्हशीनंही मान वळवून पाहिलं.

"तू बी?"

"पोराचा गेटपास हाये जी. केस झाली तं तो जन्मभर हथखोजातच घासत राहीन. तुमी तं आपली नोकरी केली, मान झाला, टोपी भेटली. आता त्याले करू द्या."

देवाजी बराच वेळ म्हशीच्या पोटाला डोकं टेकून बसला. दूध वर खेचून घेतलं म्हशीनं, तरी त्याला भान नव्हतं. मग अगदी हळू विचारलं, "शिटी वापस द्या लागन?"

सिंधुताईचा हात शेपटीवर सैल झाला. खरं सांगून टाकावं असं जिभेवर आलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून केवलरामनं नालीला सकाळची पहिली शिवी दिली आणि देवाजीचा जबडा आवळला. तिनं शेपटी पुन्हा घट्ट धरली.

"मागतीन तं द्या."

त्या दिवशी देवाजीनं शिटी साबणानं धुतली, दोरी वेगळी धुतली, आणि दोन्ही खिडकीत वाळत ठेवल्या. परत देताना तिला शेणाचा वास नको यायला.

दुपारी सिंधुताई ताकाचं पातेलं घेऊन भिंतीशी गेली. बिसाहिनला सगळं सांगितलं. बिसाहिन इतकी हसली की केवलरामला आतून ओरडावं लागलं, "का हांसथस वो?"

"कुछु नहीं, नाकाडिन के भैंस बियाय हे!" म्हैस व्याली, असं बिसाहिननं दडपून सांगितलं आणि सिंधुताईकडे वळली. "फेर ओ भी माफी मांगे बिना नई माने दीदी. चड्डी के बात हे."

"माफी नाही मागणार ते. आमी नालीवर फरशी टाकून देतो. दारापुढून पाइप नेऊन."

बिसाहिननं ताक हलवून पाहिलं. नालीवर फरशी म्हणजे माफीपेक्षा मोठी गोष्ट होती. "तोर वाला ल तैं ला," ती म्हणाली, "मोर वाला ल मैं धकियाहूं." तुझा तू आण, माझा मी ढकलीन.

रविवारी शाळेच्या पटांगणात पुन्हा मंडप पडला. या वेळी सोफा होता, बड्या साहेबांसाठी. मुलींनी हार घातले, एका पोरानं सायबर फसवणुकीवर कविता म्हटली. देवाजी प्रवीणच्या लग्नातला कोट घालून आला होता, त्या उन्हात. घाम कोपरावरून ठिबकत होता. वर हिरवं जाकीट नव्हतं. ते घडी करून, टॉर्च-टोपीसकट, त्यानं पिशवीत आणलं होतं. शिटी तेवढी गळ्यात होती. ती शेवटी काढायची असं ठरवलं असावं.

नाव पुकारलं. तो चढला. माईक त्याच्यापेक्षा उंच होता, कोणीतरी वाकवून दिला.

"मैं देवाजी नाकाडे," तो म्हणाला. पुढचं येईना. सिंधुताईनं पदराचं टोक दातात धरलं. "मैं... किसी के दबाव में नहीं... अपने पोरा के वास्ते... राजीनामा देता हूँ."

मंडप टाळ्यांनी हादरला. बडे साहेब सोफ्यावरून उठून टाळ्या वाजवायला लागले. देवाजी गोंधळला. आपण गेलो याचा लोकांना एवढा आनंद? त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात गर्दीतून केवलराम मंचावर आला. आला म्हणजे, मागून बिसाहिनचं कोपर त्याच्या पाठीत होतं. तो देवाजीसमोर उभा राहिला, एकदा मागं पाहिलं, मागं बिसाहिन होतीच, आणि त्यानं देवाजीला मिठी मारली.

पुन्हा टाळ्या. देवाजी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून खरोखर रडला. त्याला वाटलं, इतक्या वर्षांचं वैर, पण पद गेलेल्या माणसाला धीर द्यायला हाच एक आला. मुंशीनं कागद पुढं केला, दोघांनी सह्या केल्या. चष्मा घरी होता, आणि असता तरी डोळ्यांत पाणी होतं.

मग देवाजीनं गळ्यातली शिटी काढली आणि दोन्ही हातांनी टीआई साहेबांपुढं धरली. साहेबांना वाटलं, बुजुर्ग आहे, आपल्या हातून घालून घ्यायची आहे. त्यांनी ती परत त्याच्या गळ्यात घातली. "ये आप ही के पास रहेगी, अध्यक्षजी! और एक केवलरामजी को भी दो. अब दोनों मिलकर गश्त करेंगे."

देवाजी मंचावरून उतरला तेव्हा त्याला जमीन लागत नव्हती. घरी पोचल्या पोचल्या त्यानं गावाकडे भावाला, लहानूला फोन लावला.

"राजीनामा देल्ला मी. हो, भर सभेत. पन मंजूर नाही केला ना बाप्पा! लोकायनं टाळ्याच टाळ्या वाजवल्या. साहेब म्हने, तुमीच पाह्यजे. शिटी वापस गळ्यात घातली."

पलीकडून लहानूचा आवाज आला, "आमच्या सरपंचानं असाच देऊन पाह्यला होता दादा. तेवढ्यातच मंजूर झाला."

"ते मानसावर असते," देवाजी म्हणाला.

हर्षानं सासूकडे पाहिलं. सिंधुताई तांदूळ निवडत होती. "राहू दे," ती म्हणाली. "खडे काढ तू."

नालीवर फरशी पडली. दुपारची गस्त आता दोघं घालायला लागले, गल्लीच्या एका कडेनं एक, दुसऱ्या कडेनं दुसरा. बोलणं अजून फारसं नव्हतं, पण शिट्या बोलायच्या. केवलराम क्रेनची शिटी वाजवायचा, दोन लहान एक लांब, आणि जुन्या सवयीनं देवाजी बाजूला सरकायचा. मग चिडून तोही वाजवायचा. तेव्हा केवलरामला सरकावं लागायचं. चोरांचं माहीत नाही, पण मोहल्ल्यातल्या कोणाचीही दुपारची झोप राहिली नाही, त्यामुळे चोऱ्या आपोआपच थांबल्या.

एका दुपारी सिंधुताई पोतं पिळत होती आणि दोन्ही शिट्या एकदम वाजल्या.

ती बाहेर आली तर तिच्याच फाटकापाशी झटापट चालली होती. मधे एक माणूस, डोक्यापासून मानेपर्यंत गमछा गुंडाळलेला, वर काळा चष्मा. तो भिंतीवरून आत डोकावत होता, असं देवाजीचं म्हणणं. घराचा नंबर पाहत होतो, असं त्याचं. केवलरामनं त्याचा हात पिरगाळला होता. देवाजीनं कमरेचा पट्टा धरला होता.

"अरे मैं थाने से आया हूँ! थाने से!"

"सब्बो झन अइसनेच कहिथें," केवलराम ठामपणे म्हणाला. सगळे असंच सांगतात म्हणे; भिंतीवरून स्वतः काय सांगितलं होतं ते तो विसरला असावा.

देवाजीनं हिसका दिला. या खेपेला नाडी नव्हती, बक्कल होतं. ते टण्णकन उडून नव्या फरशीवर पडलं. गमछा सुटला. आत एक तरणा शिपाई होता, चेहरा टमाट्यासारखा, एका हातानं पँट धरलेला, आणि दुसऱ्या हातात एक कागद. कागदावर नाव होतं प्रवीण देवाजी नाकाडे.

म्हशी रवंथ करायच्या थांबल्या. दारात हर्षा आली होती, तिचा हात चौकटीवर तसाच राहिला. देवाजीनं पट्टा सोडला आणि तो नकळत बाजूला सरकला, क्रेनखालून सरकावं तसा.

सिंधुताईनं शिपायाला खाटेवर बसवलं, पंखा लावला, ताकाचा मोठा गिलास हातात दिला. शिपाई एका हातानं ताक पीत होता. दुसरा हात मोकळा नव्हता. गिलास संपला तेव्हा त्याला कर्तव्य आठवलं. कागद मांडीवर घेऊन त्यानं विचारलं, "लड़के के परिवार का पड़ोसियों से कोई झगड़ा? मारपीट वगैरह?"

देवाजी आणि केवलरामनं एकमेकांकडे पाहिलं.

"झगरा?" केवलराम म्हणाला. "काकर संग?"

"मिलके रहते साहेब," देवाजी म्हणाला. "भाई के जैसा."

शिपायानं फरशीवरच्या बकलाकडे पाहिलं. पेन कागदावर टेकलं, पण चाललं नाही. "ये तो मुझे टीआई साहेब को बताना पड़ेगा."

हर्षानं डोळे मिटले. सिंधुताईनं गिलास पुन्हा काठोकाठ भरला, वर मिठाची चिमूट टाकली आणि शिपायापुढं धरून हात जोडले. "साहेब, घर की बात है. राजीनामा कर लो ना."

शिपायानं गिलासाकडे पाहिलं, बकलाकडे पाहिलं. तो काही बोलणार, एवढ्यात देवाजी पुढं आला आणि बायकोवर खेकसला.

"काय बोलून राहिली वं? एवढ्याशा गोष्टीसाठी कावून राजीनामा द्यावा त्यानं? लेकराबाळाचा मानूस दिसते. नोकरी करू दे त्याले!" आणि त्यानं शिपायाच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला. "तुम बिलकुल मत देना साहेब. कोई कितना भी बोलो."

हर्षा तोंडावर हात दाबून आत पळाली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. शिपायाला काही उमगलं नाही, पण एवढ्या आपुलकीनं त्याच्या नोकरीची काळजी आजवर ठाण्यातही कोणी केली नव्हती. त्यानं दुसरा गिलास संपवला, मिशी पुसली आणि लिहिलं, 'पड़ोसियों से संबंध मधुर.' खाली सही केली.

केवलराम घरातून एक नाडी घेऊन आला. ती पँटच्या पट्ट्यांतून ओवताना देवाजी शेजारी उभा राहून शिपायाला समजावत होता.

"मैंने भी दिया था साहेब एक बार," तो म्हणाला. "मंजूरच नहीं करते."